निखाऱ्यावरील बरगडी

बंगळूरच्या जुन्या किल्ल्याच्या पश्चिमेस, कृष्णराजेंद्र बाजारापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर चामराजपेट ही वसाहत आहे. दहावे चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने १८९२ साली तिची आखणी झाली. उभ्या-आडव्या रस्त्यांच्या या वस्तीत मठ आहेत, मशिदी आहेत, देवळे आहेत, १९१५ साली स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेची वास्तू आहे. आणि कन्नड, उर्दू, तमिळ, तेलुगू यांबरोबर मराठीही येथील घरांतून ऐकू येते. अशा वस्तीतील एका गच्चीवर डुकराच्या बरगड्या भाजण्याचा प्रयोग प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी केला आणि तो साफ फसला. बाहेरून मांस कोळशासारखे काळे झाले होते. हाडालगत मात्र ते गुलाबी, थंड आणि रबरासारखे चिवट राहिले होते. बारा पाहुणे ताटे घेऊन बसले होते. त्यांना शेवटी भात आणि सार यांवर समाधान मानावे लागले. ही फजिती का झाली याचा शोध घेत असता जे हाती लागले, ते येथे क्रमाने सांगण्याचा विचार आहे.

प्रयोगाचे निमित्त अमेरिकेहून आलेल्या पुतण्याचे होते. त्या देशात फुटबॉलच्या सामन्यापूर्वी प्रेक्षक काही तास आधीच मैदानाबाहेरील वाहनतळावर जमतात, मोटारीच्या मागच्या बाजूची खाली पडणारी फळी उघडतात, तिच्यावर खाद्यपदार्थ मांडतात आणि शेजारी लोखंडी शेगडी पेटवून मांस भाजतात. या मेळाव्याला त्या फळीवरूनच नाव पडले आहे. तेथे स्थायिक झालेली मराठी मुलेही विद्यापीठाच्या दिवसांपासून या प्रथेत सामील होतात. आपल्याकडे वाहनतळावर चूल मांडण्याची रीत नाही. पण उघड्यावर, विस्तवाभोवती जमून खाण्याची हौस आपल्याला परकी मुळीच नाही. हिवाळ्यात शेताच्या बांधावर गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कोवळी कणसे भाजून होणारी हुरडा पार्टी, किंवा रायगड जिल्ह्यात वालाच्या शेंगा, अंडी आणि कोंबडी भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून, ते मडके उपडे ठेवून भोवती जाळ करून केलेली पोपटी, हे त्याच जातीचे सोहळे होत. पोपटीची आठवण वाचकांनी मनात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

डुकराचे मांस निखाऱ्यावर भाजणे ही दख्खनला नवी गोष्ट आहे असेही नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांच्या सीमेवरचे गाव. राजाने भोगावयाच्या सुखांच्या या कोशात अन्नाचे प्रकरण विस्ताराने आले आहे, आणि त्यात डुकराचे केस उकळत्या पाण्याने सैल करून खरवडून कसे काढावेत, किंवा अंगास माती लिंपून गवताच्या जाळावर ते कसे जाळावेत, मग मांस निखाऱ्यावर कसे भाजावे आणि त्याच्या पट्ट्या कापून मसाल्याच्या दह्यात कशा घालाव्यात, याचे वर्णन आहे. सळईत ओवून भाजलेल्या मांसाचा पाठही तेथे आहे. हा ग्रंथ 'अभिलषितार्थचिंतामणि' या दुसऱ्या नावानेही ओळखला जातो, आणि त्याच्या एका भागाची आवृत्ती म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाने १९२६ साली छापली होती. राजाच्या स्वयंपाक्याला तापमापक ठाऊक नव्हता. परंतु निखारा आणि जाळ यांतील भेद त्याला उत्तम ठाऊक होता, असे या वर्णनावरून दिसते. लेखकाला तो ठाऊक नव्हता.

बरगडी हा मांसाचा एक विशेष भाग आहे. खाटकाच्या भाषेत बकऱ्याच्या याच भागाला चाप म्हणतात. डुकराला साधारणपणे चौदा जोड्या बरगड्या असतात, जातीनुसार एखाददुसरी कमी-अधिक. कण्यालगतच्या बरगड्या आखूड, वक्र आणि मऊ मांसाच्या असतात. पोटाकडच्या लांब, सपाट आणि चरबीच्या असतात. छातीचा पिंजरा श्वासाबरोबर आयुष्यभर हलत असतो. जो स्नायू सतत राबतो त्याच्या तंतूंना बांधून ठेवणारे जाळेही तितकेच बळकट लागते. या जाळ्यातील मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजेन. दोरखंडाचे पीळ असावेत तसे त्याचे तीन धागे एकमेकांत गुंफलेले असतात. पाठीवरील मऊ मांसात हे कमी, तर बरगड्यांच्या मधल्या मांसात भरपूर असते. बरगडीच्या पाककृतीचा सारा प्रश्न म्हणजे या कोलॅजेनचे काय करावयाचे, एवढाच आहे.

मांस तापू लागले की पन्नास अंश सेल्सिअसच्या सुमारास स्नायूंतील प्रथिने गोठू लागतात. साठ अंशांपुढे कोलॅजेनचे जाळे आक्रसते आणि ओल्या कपड्याला पीळ द्यावा तसे तंतूंतील पाणी पिळून बाहेर काढते. या टप्प्यावर मांस उतरवले तर ते कोरडे आणि चिवट लागते. पण तेथे न थांबता सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे मांस तासन् तास राखले, तर कोलॅजेनचे पीळ हळूहळू सुटतात आणि त्याचे जिलेटिन बनते. पायाच्या रश्शाला थंड झाल्यावर जो थरथरता घट्टपणा येतो, तो याच पदार्थाचा. तंतूंमधले पाणी गेलेले असले तरी जिलेटिन त्यांना वंगण पुरवते, आणि तोंडात मांस रसाळ लागते. म्हणून बरगडी 'शिजली' हे एक आणि 'मऊ झाली' हे दुसरे. आतील तापमान नव्वद अंशांच्या पलीकडे पोहोचले की ती खाण्याजोगी मऊ होते. पहिल्या गोष्टीला मिनिटे पुरतात, दुसरीला तास लागतात.

कबाब आणि बरगडी यांत फरक पडतो तो येथेच. बाजाराच्या बाजूला संध्याकाळी सळईवर भाजले जाणारे तुकडे लहान आणि कोवळे असतात. त्यांना प्रखर धग हवी, म्हणजे आतला रस आटण्यापूर्वी बाहेरून खरपूस रंग येतो. या रंगामागे जी रासायनिक क्रिया आहे तिचे वर्णन लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केले. प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि शर्करा यांचा उष्णतेने संयोग होऊन तपकिरी रंगाची व सुवासाची शेकडो संयुगे त्यातून तयार होतात. भाकरीचा पापुद्रा, भाजलेली कॉफी आणि भाजलेले मांस यांचे नाते या एका क्रियेत आहे. ती शंभर अंशांच्या बऱ्याच वर जोमाने चालते, आणि पृष्ठभाग ओला असेपर्यंत तो शंभराच्या वर जाऊच शकत नाही. लेखकाने कबाबाची धग बरगडीला दिली. पृष्ठभाग वीस मिनिटांत सुकून करपला, तर उष्णता हाडापर्यंत पोहोचलीच नव्हती.

यावर उपाय अमेरिकेच्या दक्षिण भागातील लोकांनी फार पूर्वी शोधला होता. खाटीकखान्यात चांगला माल श्रीमंतांकडे जाई आणि बरगड्या स्वस्तात सुटत. त्या मऊ करण्यासाठी वेळ हेच एक साधन गरिबाजवळ असे. मेंफिस, कॅन्सस सिटी आणि सेंट लुइस या शहरांची आज त्यावरून कीर्ती आहे. पद्धतीचे सार असे की मांस विस्तवावर न ठेवता विस्तवाशेजारी ठेवावयाचे आणि झाकावयाचे. मग खालून येणाऱ्या धगीऐवजी भोवती फिरणारी गरम हवा व धूर मांस शिजवतात. ही हवा ११० ते १२० अंशांच्या दरम्यान राखावी लागते. पोपटीच्या मडक्यात हेच घडते: जाळ बाहेर, अन्न आत, आणि मध्ये मातीची भिंत.

आपल्याकडील शेगडीला झाकण नसते, ही अडचण खरी आहे. पण ती मोठी नाही. गवंडी वापरतात ते लोखंडी घमेले नवे आणून, घासून, जाळीवर उपडे घातले की काम होते. पत्र्याच्या रुंद शेगडीत कोळशाचे दोन ढीग दोन टोकांना करावेत आणि मध्ये मोकळी जागा सोडून तेथे पाण्याची एक चपटी थाळी ठेवावी. गळणारी चरबी तीत पडते. ती निखाऱ्यावर पडली असती तर भडका उडून मांसावर काजळी बसली असती. कोळसा पेटल्यावर लगेच मांस ठेवण्याची घाई करू नये. कोळशावर राखेचा पांढरा थर चढेपर्यंत अर्धा तास जातो आणि मगच धग एकसारखी होते. तापमापक नसेल तर तळहात जाळीपासून वीतभर उंचीवर धरावा. दोन-तीन आकडे मोजेपर्यंत हात काढावा लागला तर ती कबाबाची आच. आठ-दहा आकडे मोजता आले तर बरगडीची.

कोळसा कोणता, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. चिंचेच्या लाकडाचा किंवा नारळाच्या करवंटीचा कोळसा दक्षिणेत सहज मिळतो आणि तो चांगला टिकतो. धुराच्या वासासाठी त्यावर आंब्याच्या किंवा पेरूच्या सुक्या लाकडाचे दोन-तीन ढलपे टाकावेत, अधिक नकोत. निलगिरीचे लाकूड टाळावे, कारण त्याच्या तेलाचा उग्र दर्प मांसात उतरतो. सुताराकडचे रंग दिलेले किंवा सरस लावलेले तुकडे तर मुळीच घेऊ नयेत. त्यांचा धूर विषारी असतो. आणि एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पाऊस आला म्हणून पेटलेली शेगडी खोलीत आणून दार लावून घेणे प्राणघातक आहे. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असे समजणारी माणसे झोपेतच दगावतात.

आता मांसाची तयारी. बरगड्यांच्या आतल्या बाजूस, फुप्फुसाकडच्या अंगाला, एक पातळ चिवट पडदा असतो. तो कितीही शिजवला तरी मऊ होत नाही. चमच्याच्या दांड्याने एका टोकाला तो उचकटावा, कोरड्या फडक्याच्या चिमटीत धरावा आणि ओढावा. बहुधा एका झटक्यात सगळा निघून येतो. मीठ किलोमागे बारा ते पंधरा ग्रॅम, आणि ते आदल्या रात्री चोळावे. मीठ सावकाश आत शिरते. हळद, तिखट, धने, आले-लसूण ही मंडळी मात्र पृष्ठभागावरच राहतात, मग वाटण रात्रभर लावा की तासभर. आंबटपणासाठी कोडगू प्रदेशातील लोक कचंपुळी नावाचा काळा, दाट रस वापरतात. एका आंबट फळाचा रस आटवून तो करतात. कोडवांची 'पंदी करी' त्यावाचून होत नाही, आणि बंगळूरात कोडवा कुटुंबे पुष्कळ असल्याने हा रस येथे मिळवणे कठीण नाही. गोव्यात तेच काम ताडीचा व्हिनेगर करतो. तेथील विंदालूचे नावसुद्धा मद्य आणि लसूण यांच्या पोर्तुगीज शब्दांवरून आले आहे. गूळ लावावयाचा असेल तर तो चिंचेच्या कोळात विरघळवून शेवटच्या पंधरा मिनिटांत लावावा. आधी लावलेला गूळ करपून कडू होतो. लेखकाने तो प्रारंभीच लावला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मांस घमेल्याखाली ठेवल्यावर दर तासाला थोडा पेटलेला कोळसा दोन्ही ढिगांवर घालावा, त्याव्यतिरिक्त झाकण उचलू नये. दोन-तीन तासांनंतर एक चमत्कारिक गोष्ट घडते. आतील तापमान पासष्ट-सत्तर अंशांवर येऊन थांबते आणि तासभर हलत नाही. पुष्कळांना येथे वाटते की विस्तव विझला, आणि ते कोळसा वाढवून सगळे बिघडवतात. कारण साधे आहे: मांसातून पाझरणारे पाणी पृष्ठभागावरून वाफ होऊन उडत असते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी ज्या न्यायाने थंड राहते त्याच न्यायाने मांस तापायचे थांबते. पृष्ठभाग सुकू लागला की तापमान पुन्हा चढते. ज्यांना थांबणे शक्य नाही त्यांनी या टप्प्यावर मांस केळीच्या दुहेरी पानात घट्ट गुंडाळावे. वाफ कोंडली की थंडावा संपतो आणि पान आपला वासही देते. कण्याकडच्या बरगड्यांना एकूण चार तास, पोटाकडच्यांना पाच ते सहा तास लागतात. पट्टी चिमट्याने एका टोकाला उचलली असता मधोमध वाकून वरचे मांस किंचित भेगाळले, म्हणजे ती झाली.

गर्दीच्या मेळाव्यात सहा तास कोण थांबणार, असा प्रश्न येतो. बरगड्या आधी उकडून घेणे हा सोपा मार्ग आहे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी सत्त्याण्णव अंशांना उकळते, म्हणून घाटाखालच्यापेक्षा काही मिनिटे अधिक धरावीत. पण उकडल्याने अर्धी चव पाण्यात जाते. ते पाणी रश्शासाठी वापरणार असाल तरच हा मार्ग पत्करावा. अधिक चांगले हे की आदल्या दिवशी बरगड्या घमेल्याखाली पूर्ण शिजवून, लवकर निववून शीतकपाटात ठेवाव्यात, आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर तीव्र निखाऱ्यावर आतपर्यंत चांगल्या कढत होतील अशा परताव्यात. मांस अर्धवट शिजवून ठेवणे आणि उरलेले मैदानावर शिजवणे, ही मात्र रोगाला दिलेली हाक आहे. कोमट मांसात जंतू फार झपाट्याने वाढतात; शिजलेले मांसही दोन तासांहून अधिक काळ उघड्यावर राहू देऊ नये.

डुकराच्या मांसाबद्दल आपल्या समाजात एक विशेष भीती आहे, आणि ती निराधार नाही. पण ती बहुधा चुकीच्या जागी असते. मलमूत्र खात मोकाट फिरणाऱ्या डुकरांच्या स्नायूंत पट्टकृमीच्या पुटी असू शकतात. असे मांस कच्चे खाल्ले तर माणसाच्या आतड्यात कृमी वाढतो. आतील तापमान त्रेसष्ट अंशांपर्यंत नेऊन मांस तीन मिनिटे तसेच राहू दिले की तुकड्यांच्या मांसातील हा धोका संपतो. खिम्याला एकाहत्तर अंश लागतात. नव्वद अंश पार केलेल्या बरगडीबद्दल तर शंकाच नको. तापमापकाचे टोक मांसात असावे, हाडाला लागू नये, इतकेच पाहावे. परंतु ज्या रोगाला लोक खरोखर भितात, म्हणजे मेंदूत पुटी होऊन येणारे अपस्माराचे झटके, तो या मांसातून थेट येत नाही. कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात. ती न धुतलेल्या हातांवरून, कच्च्या भाजीवरून किंवा दूषित पाण्यातून पोटात गेली म्हणजे पुटी मेंदूपर्यंत पोहोचतात. त्यामुळे आयुष्यात मांसाला न शिवलेल्या माणसालाही हा रोग होतो, आणि बंगळूरच्या निम्हान्ससारख्या रुग्णालयांतील डॉक्टरांना अशा शाकाहारी रुग्णाच्या घरच्यांना हे समजावून सांगावे लागते. म्हणून मेळाव्यात बरगडीइतकेच लक्ष कोशिंबिरीच्या काकडीकडे आणि ती चिरणाऱ्याच्या हातांकडे द्यावे. शहरातील मांस परवानाधारक दुकानातून, बंदिस्त जागेत पाळलेल्या जनावराचे घ्यावे, हे ओघानेच आले.

चामराजपेटसारख्या वस्तीत आणखी एक व्यवधान ठेवावे लागते. या परिसराच्या आसपास मराठा कुटुंबांनी चालवलेल्या मिलिटरी हॉटेलांची जुनी परंपरा आहे, कॉटनपेटेतील एस. जी. राव यांचे हॉटेल १९०८ सालचे मानले जाते. लाकडाच्या चुलीवरचे त्यांचे मटण शहरभर नावाजलेले आहे. त्या मटणावर पोसलेल्या जिभांना निखाऱ्याचे वावडे नाही. पण डुकराचे मांस येथील कित्येक घरांत धर्माने वर्ज्य आहे, आणि कित्येक घरांत मांसच वर्ज्य आहे. गच्चीवरचा धूर कुंपण ओळखत नाही. लेखकाच्या दुसऱ्या प्रयोगाच्या आधी घरमालकीणबाईंनी सौम्य शब्दांत तसे सुचवले, आणि तो प्रयोग शहराबाहेरच्या एका मित्राच्या शेतावर हलवण्यात आला. हे योग्यच झाले. त्याच मेळाव्यात डुकराचे मांस न खाणारे चार पाहुणे होते. त्यांच्यासाठी वेगळी शेगडी, वेगळी जाळी, वेगळा चिमटा ठेवला आणि त्यांच्या वांग्यांना व कणसांना आधी आच दिली. जाळी धुऊन चालेल का, हा वाद उद्भवण्याचे कारणच उरले नाही.

त्या दिवशी कोळसा सकाळी आठला पेटवला. दहाच्या सुमारास तापमान अडून बसले तेव्हा दोघांनी घमेले उचलून पाहण्याचा आग्रह धरला, त्यांना शेतावरच्या विहिरीकडे पाठवण्यात आले. दीड वाजता गुळाचा लेप, पावणेदोनला पट्ट्या उतरवल्या, आणि केळीच्या पानावर त्या वीस मिनिटे झाकून ठेवल्या, कारण ताबडतोब कापले तर रस पाटावर वाहून जातो. मग पट्टी हाडांची बाजू वर करून पालथी घालावी. तशी घातली म्हणजे हाडे स्पष्ट दिसतात आणि सुरी दोन हाडांच्या बरोबर मधून उतरते. उरलेल्या हाडांचा दुसऱ्या दिवशी रस्सा झाला, आणि राख पूर्ण विझल्याची खात्री करून आळूच्या वाफ्यात टाकली.